‘नाळेत दोनच नळ्या’वाला मेसेज पुढे पाठवण्याआधी

आमच्या फॅमिली ग्रुपवर परत तोच मेसेज आलाय: नाळेत तीनऐवजी दोनच नळ्या दिसल्या तर बाळाला अर्धंच रक्त मिळतं, मूल मतिमंद होतं, आईने ग्रहण पाळलं नाही की असं होतं, वेळेत खाली करून घ्या. बहिणीच्या पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत हेच निघालं होतं, तेव्हाही कुणीतरी हाच मेसेज पाठवला आणि ती दोन दिवस नीट जेवली नाही, म्हणून यावेळी लिहितेच.

अर्धं रक्त? नाळेत दोन धमन्या नि एक शीर असते, आणि शाळेत शिकलो त्याच्या उलटं इथे चांगलं रक्त बाळाकडे आणते ती शीर, धमन्या वापरलेलं रक्त वारेकडे परत नेतात. टू व्हेसल कॉर्डमध्ये, म्हणजे दोनच नळ्यांच्या नाळेत, कमी असते ती एक धमनी, शीर जागच्या जागी असते आणि ती सगळ्यांनाच एक असते हो! उरलेली धमनी बहुतेक वेळा रुंद होऊन दोघींचं काम करते.

मतिमंद होतं म्हणे. 100 गरोदरपणांत फार तर एखाद्यात हे दिसतं, जुळ्यांत जरा जास्त. रिपोर्टमध्ये ‘आयसोलेटेड’ लिहिलं असेल, म्हणजे बाकी सगळं ठीक, तर बहुतेक बाळं व्यवस्थित जन्मतात. चिमूटभर खरं आहे, ते पण सांगते: काही बाळांत सोबत किडनी किंवा हृदयाचा दोष असतो, क्वचित क्रोमोसोमचा, पण तेव्हा सहसा स्कॅनमध्ये आणखीही काही सापडतं. म्हणून डॉक्टर हृदय-किडनी नीट बघतात, आणि वजन मागे राहू शकतं म्हणून शेवटच्या तिमाहीत ग्रोथ स्कॅन करायला लावतात. नुसत्या एवढ्यावरून ‘खाली करा’ कुणी म्हणत नाही, सिझरही लागत नाही.

ग्रहणाचं काय बोलायचं, ही धमनी सुरुवातीच्या आठवड्यांतच तयार होत नाही किंवा सुकून जाते, आईने काय केलं-नाही केलं हा प्रश्नच नाही.

आणि गंमत बघा, नाळेच्या रक्तवाहिन्यांचं ज्याला खरंच घाबरावं ते या मेसेजमध्ये नाहीच! वासा प्रिव्हिया. त्यात बाळाच्या रक्तवाहिन्या उघड्याच, गर्भपिशवीच्या तोंडावरून जातात, पाणी फुटताना त्या फाटल्या तर जाणारं रक्त बाळाचं असतं. आधी कळलं तर कळा सुरू व्हायच्या आत, 34 ते 37 आठवड्यांत ठरवून सिझर करतात आणि बाळ वाचतं. त्यामुळे वार खाली आहे असं कुणी सांगितलं असेल तर पुढच्या स्कॅनला एवढंच विचारा, नाळ वारेला कुठे चिकटलीय आणि गर्भपिशवीच्या तोंडाशी डॉपलर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) लावून बघितलं का.