खुलासा : प्रशिक्षण घेतल्याने बेकारी भत्ता आपोआप बंद होत नाही

‘बेकारी भत्ता घेत असताना कोणत्याही प्रशिक्षणाला नाव नोंदवले की भत्ता तत्काळ बंद होतो’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. माझ्याही आधीच्या एका पोस्टमध्ये हेच विधान होते आणि ते चुकीचे होते, म्हणून हा खुलासा.

मूळ तरतुदी वाचल्यावर चित्र वेगळे दिसते. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार, भत्ता देणाऱ्या राज्य यंत्रणेच्या संमतीने प्रशिक्षण घेणाऱ्याचा भत्ता केवळ त्या कारणावरून नाकारता येत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1934 च्या करारात तर भत्त्यासाठी प्रशिक्षणाला हजर राहण्याची अट घालण्याचीही मुभा आहे.

गफलत होते ती संमतीच्या मुद्द्यावर. अमेरिकेत भत्त्याच्या दर आठवड्याच्या अर्जात ‘तुम्ही कामासाठी उपलब्ध होता का?’ असा साधा दिसणारा प्रश्न असतो, आणि पूर्वसंमतीशिवाय दिवसभराच्या वर्गाला बसणाऱ्याचा भत्ता तिथेच अडकू शकतो. स्वस्त किंवा विनामूल्य अभ्यासक्रमही याला अपवाद नाही (शुल्काचा आणि संमतीचा संबंध नसतो, हे माझ्याही उशिरा लक्षात आले). म्हणून नाव नोंदवण्यापूर्वी वर्गाच्या वेळा कळवून लेखी होकार घ्यावा.

जुना मजकूर कृपया पुढे पाठवू नये. पाठवला असल्यास त्याच गटात हा खुलासा टाकावा.