पावती दाखवणाऱ्या विद्यार्थ्यांबद्दल : एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय सर,

खासगी महाविद्यालयातील विद्यार्थ्याने तक्रार कशी करावी, यावरच्या माझ्या लेखाला आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभारी आहे. सव्वीस वर्षांचे अध्यापन आणि त्यातली शेवटची नऊ वर्षे प्राचार्यपद, असा आपला परिचय आपण पहिल्याच ओळीत दिला आहे आणि त्या अनुभवाचा मी आदर करते. उत्तराला चार दिवस लागले, कारण पहिल्या दिवशी रागाच्या भरात लिहिलेला मजकूर मलाच दुसऱ्या दिवशी वाचवला नाही.

आपली प्रतिक्रिया ज्यांच्या नजरेतून सुटली असेल, त्यांच्यासाठी तिचा गोषवारा आधी देते. आपले म्हणणे असे, की तक्रार निवारण समितीच्या निर्णयाची मुदत मी चुकीची दिली. विद्यार्थी कायद्याने ग्राहक ठरत नाही असे न्यायालयांनी सांगितलेले असताना मी ते लपवले. समितीवर त्याच महाविद्यालयाचे प्राध्यापक असतात आणि अंतर्गत गुणही त्यांच्याच हाती असतात, या वास्तवाकडे मी डोळेझाक केली. आणि सवलतीच्या विद्यार्थ्यांच्या शुल्काची शासनाकडून होणारी प्रतिपूर्ती महिनोन्‌महिने रखडते तेव्हा संस्था कशा चालतात याची मला कल्पना नाही. सर्वांत शेवटी आपण लिहिले आहे : ‘फीची पावती नाचवत गुरूच्या दारात उभे राहायला शिकवणारे असले लेख विद्यार्थ्याला गिऱ्हाईक बनवतात आणि ते लिहिणाऱ्यांनी महाविद्यालयाची पायरी फक्त स्वतःच्या प्रवेशापुरती चढलेली असते.’

मुदतीबाबत आपले बरोबर आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या एप्रिल २०२३ च्या विनियमांनुसार समितीने अहवाल द्यायचा तो कामकाजाच्या पंधरा दिवसांत. मी नुसतेच ‘पंधरा दिवस’ लिहिले होते. मधल्या सुट्ट्या धरल्या तर हा काळ सहज तीन आठवड्यांवर जातो आणि विद्यार्थ्याने तितकी वाट पाहण्याची तयारी ठेवायला हवी. चूक माझी आहे आणि मूळ लेखात ती दुरुस्त केली आहे. मात्र ‘एवढे साधे वाचता येत नसेल तर लिहू नये’ या शब्दांत ती दाखवण्याची गरज नव्हती. नुसता विनियमाचा दाखला दिला असतात, तरी मला ती तेवढीच कळली असती.

आता त्या शेवटच्या वाक्याविषयी. इतर मुद्द्यांपेक्षा त्यावर मी अधिक लिहिणार आहे, कारण माझ्या लेखातल्या माहितीला आपला जो विरोध आहे त्याची मुळे मला त्या वाक्यातच दिसतात.

महाविद्यालयाची पायरी मी प्रवेशापुरती चढलेली नाही. एका खासगी विनाअनुदानित महाविद्यालयाच्या शुल्क खिडकीच्या आतल्या बाजूला मी सात वर्षे बसले आहे. माझ्यासमोर दोन पावतीपुस्तके असत. एक छापील, अनुक्रमांक असलेले; त्यावर शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क लिहायचे. दुसऱ्यावर अनुक्रमांक नसे. त्यात रकमेपुढे फक्त ‘इतर’ असे लिहायचे. ‘इतर’ म्हणजे काय, असे कुणा पालकाने विचारलेच तर ‘साहेबांना विचारा’ असे सांगण्याची मला सूचना होती. साहेब दुपारी चारनंतर भेटत, आणि बाहेरगावाहून आलेल्या पालकाला परतीची एसटी त्याआधी पकडावी लागे. हे मी कुणाकडून ऐकलेले नाही, सर. ‘इतर’ हा शब्द मी माझ्या हाताने शेकडो वेळा लिहिला आहे.

२०११ सालच्या पावसाळ्यात एक मुलगी वडिलांबरोबर खिडकीपाशी आली. आमच्याकडे प्रवेश घेऊन तिला अकरा दिवस झाले होते. पुढच्या फेरीत तिला शासकीय महाविद्यालयात जागा मिळाली होती आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत तिथे मूळ कागदपत्रे दाखवायची होती. तिची बारावीची गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला माझ्या खुर्चीमागच्या लोखंडी कपाटात, नाडी बांधलेल्या फायलीत होता. उठून हात लांब केला असता तर तो मला काढता आला असता. पण प्रवेश रद्द करणाऱ्याकडून उरलेल्या तीन वर्षांचे शुल्क घेतल्याशिवाय कागदपत्रे द्यायची नाहीत, असा आम्हाला तोंडी आदेश होता. मी तो तिला सांगितला. तिने प्लास्टिकच्या पिशवीतून पावती काढली, घडी पडली होती ती खिडकीच्या कट्ट्यावर तळहाताने सरळ केली आणि विचारले, ‘मॅडम, यात हे कुठे लिहिले आहे?’ मी म्हणाले, ‘नियम आहे.’ ती म्हणाली, ‘मग तो नियम लेखी द्याल का?’ मी आत जाऊन विचारले. लेखी काहीही द्यायचे नाही, असे उत्तर मिळाले आणि ते मी बाहेर येऊन तिला सांगितले.

ती जागा तिच्या हातून गेली. पुढची चार वर्षे ती आमच्याच महाविद्यालयात शिकली आणि प्रत्येक वर्षी शुल्क भरायला माझ्याच खिडकीवर आली.

आपण ‘पावती नाचवत’ असे लिहिलेत तेव्हा कट्ट्यावर पावती सरळ करणारा तो तळहात माझ्या डोळ्यांसमोर होता. आणि ज्या दाराला आपण ‘गुरूचे दार’ म्हणता, त्या दारात त्या दिवशी कुणी गुरू नव्हता. एक कारकून होती आणि आत व्यवस्थापनाचे पगारी अधिकारी होते. वर्गात शिकवणारे प्राध्यापक त्या व्यवहारात कुठेच नसतात. कित्येकदा त्यांचा स्वतःचा पगारच तीन-तीन महिने थकलेला असतो. पैसा संस्था घेते, जाहिरात संस्था करते, कागदपत्रे संस्था अडकवते. आणि विद्यार्थ्याने त्याचा हिशेब मागितला की गुरूचा अपमान झाल्याची ओरड होते. गुरुशिष्याच्या नात्याविषयी मला आदर आहे, म्हणूनच ते नाते रोखपालाच्या खिडकीवर ढाल म्हणून वापरलेले मला सहन होत नाही.

त्या मुलीचा प्रश्न योग्य होता, हे मला नोकरी सोडल्यावर कळले. इस्लामिक अकादमी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्येच सांगितले होते, की संस्थेने एका वेळी एकाच सत्राचे किंवा वर्षाचे शुल्क घ्यावे. पुढच्या सर्व वर्षांचे आगाऊ मागू नये. मूळ कागदपत्रे अडवून ठेवू नयेत, अशी जाहीर सूचना अनुदान आयोगाने २००७ मध्ये दिली होती. म्हणजे मी ‘नियम आहे’ असे म्हणाले तेव्हा खरोखरच नियम होता, आणि तो माझ्या तोंडी आदेशाच्या नेमका उलट होता. आज २०२३ च्या विनियमांत ‘तक्रार’ या शब्दाच्या व्याख्येतच हे येते : जो अभ्यासक्रम विद्यार्थ्याला करायचा नाही त्याचे शुल्क वसूल करण्यासाठी त्याची कागदपत्रे अडवणे. माहितीपुस्तिकेत जाहीर केलेल्या रकमेपेक्षा जास्त मागणे, हेही त्याच व्याख्येत आहे. ही माहितीपुस्तिका प्रवेश सुरू होण्याच्या किमान साठ दिवस आधी प्रसिद्ध करावी लागते. मी विद्यार्थ्यांना पावती आणि माहितीपुस्तिका जपून ठेवा असे सांगितले, ते याच कारणासाठी.

‘लपवले’ हा आपला शब्द मला मान्य नाही. चूक आणि लपवाछपवी यांत फरक असतो आणि सव्वीस वर्षे उत्तरपत्रिका तपासलेल्या माणसाला तो मी समजावून सांगावा, हे मला प्रशस्त वाटत नाही. शिक्षण ही क्रयवस्तू नव्हे आणि प्रवेश, शुल्क यांबाबत शिक्षणसंस्थेकडून सेवेतील त्रुटीचा प्रश्न उद्भवत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने पी. टी. कोशी प्रकरणात २०१२ मध्ये म्हटले आहे, हे मला ठाऊक आहे. त्याच धर्तीवर राष्ट्रीय ग्राहक आयोगाच्या मोठ्या पीठाने जानेवारी २०२० मध्ये मनू सोलंकी प्रकरणात शिक्षणसंस्थांना ग्राहक कायद्याच्या बाहेर ठेवले. शिकवणी वर्गांना मात्र आतच ठेवले. पण आपण इथेच थांबलात. त्या निर्णयाविरुद्धचे अपील सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी दाखल करून घेतले, हे आपण लिहिले नाही. पाटण्याच्या बुद्धिस्ट मिशन दंत महाविद्यालयाने संलग्नता आणि मान्यता नसताना ती असल्याची जाहिरात करून प्रवेश दिले, तेव्हा विद्यार्थ्यांना भरपाई देण्याचा ग्राहक आयोगाचा आदेश २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच कायम ठेवला होता, हेही आपण लिहिले नाही. यालाही लपवणे म्हणायचे का? मी तसे म्हणणार नाही.

शिवाय माझा लेख ग्राहक आयोगावर उभाच नव्हता. विद्यार्थी ग्राहक आहे की नाही याचा अंतिम निकाल काहीही लागो, अनुदान आयोगाचे विनियम आयोगाच्याच १९५६ च्या कायद्याखाली झालेले आहेत आणि ते त्या शब्दावर अवलंबून नाहीत. ऑक्टोबर २०१८ च्या परतावा अधिसूचनेचेही तसेच. प्रवेशाच्या जाहीर केलेल्या शेवटच्या तारखेच्या किमान पंधरा दिवस आधी प्रवेश रद्द केला तर प्रक्रिया शुल्क म्हणून जास्तीत जास्त पाच टक्के, तेही पाच हजार रुपयांच्या आत, कापून बाकी सर्व रक्कम परत द्यायची. त्यानंतर पण शेवटच्या तारखेच्या आत रद्द केला तर नव्वद टक्के, तारीख उलटल्यावर पंधरा दिवसांपर्यंत ऐंशी टक्के, तीस दिवसांपर्यंत पन्नास टक्के, आणि त्यापुढे काही नाही. आपण विद्यार्थ्याला शिष्य म्हणा, गिऱ्हाईक म्हणा, हे आकडे बदलत नाहीत.

समितीवर महाविद्यालयाचेच प्राध्यापक असतात, हा आपला मुद्दा खरा आहे. विनियमांतच तशी रचना आहे आणि विद्यार्थी प्रतिनिधी फक्त विशेष निमंत्रित असतो. त्यासाठीच पुढे विद्यापीठाने नेमलेला लोकपाल आहे, जो निवृत्त कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश असतो. समितीचा निर्णय पटला नाही तर पंधरा दिवसांत त्याच्याकडे अपील करायचे आणि त्याने तीस दिवसांत निकाल द्यायचा. अंतर्गत गुणांची भीती असते हे मी नाकारत नाही, पण भीती आहे म्हणून माहितीच देऊ नये, हे मला पटत नाही. तो विषय स्वतंत्र आहे आणि इथे त्यात शिरत नाही.

शासनाच्या प्रतिपूर्तीचे म्हणाल, तर तो संस्था आणि शासन यांच्यातला हिशेब आहे. त्याची वसुली अठरा वर्षांच्या मुलाच्या दाखल्यातून करण्याचे काही कारण नाही.

आपल्या प्रतिक्रियेतले आणखी एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. ‘माझ्या नऊ वर्षांच्या कारकिर्दीत समितीकडे एकही तक्रार आली नाही’ असे आपण अभिमानाने लिहिले आहे. आपल्या महाविद्यालयाविषयी मला काही माहीत नाही आणि त्याबद्दल मी अंदाज बांधणार नाही. परंतु माझ्या सात वर्षांत आमच्याकडेही एकही लेखी तक्रार आली नव्हती. त्या मुलीचीही नाही. वार्षिक अहवालात ‘प्राप्त तक्रारी : निरंक’ हे दरवर्षी मीच टंकलेखन करून देत असे.

लेख काढून टाकावा, निदान त्यातला अर्जाचा नमुना तरी काढावा, अशी आपण सूचना केलीत. लेख राहील आणि नमुनाही राहील. त्यात उद्धटपणाचा एकही शब्द नाही : तारीख, पावती क्रमांक, भरलेली रक्कम, माहितीपुस्तिकेतला पान क्रमांक आणि एका वाक्यात मागणी, एवढेच आहे. अर्जाच्या दोन प्रती कराव्यात, आवक विभागात एक द्यावी आणि दुसरीवर तारखेचा शिक्का घ्यावा, असे मी लिहिले होते. शिक्का नाकारला तर काय करायचे, हे मात्र त्यात राहून गेले होते. ते आज घातले आहे : त्याच दिवशी तोच अर्ज प्राचार्यांच्या नावे स्पीड पोस्टाने पाठवावा, महाविद्यालयाच्या तक्रार पोर्टलवर चढवावा, आणि टपालाची पावती शुल्काच्या पावतीलाच टाचून ठेवावी.

आपली,
लेखिका