एक जूनच्या आजी आणि दशांशचिन्ह

वॉर्डात फोन बाहेर काढण्याआधी तोंडाने जाहीर करावं लागतं, "डोस बघतोय हं." न बोलता काढला, तर खाट नंबर सातच्या नातेवाइकांची खात्रीच पटते की डॉक्टर स्कोअर बघतोय. राउंड चालू असेल तर सरांचीही पटते. आणि पंचाईत अशी, की आम्ही इंटर्न मंडळी बरेचदा खरोखर स्कोअरच बघत असतो. न्यूमोनियाचा.

एमबीबीएसची साडेचार वर्षं आणि वरची वर्षभराची इंटर्नशिप, एवढ्या काळात फोनमध्ये साधारण तीन जातींची ॲपं साठतात. औषधांचे डोस आणि दुष्परिणाम सांगणारी, मेडस्केपसारखी. आकडेमोड करून देणारी, एमडीकॅल्कसारखी. आणि विचारलेल्या एका ओळीला चाळीस परिच्छेदांचं उत्तर देणारी, अपटुडेटसारखी. (चौथी जात पीजीच्या प्रवेशपरीक्षेच्या व्हिडिओंची. फोनमधली जागा खरं म्हणजे तीच खाते, पण तिच्याबद्दल घरी बोलायचं नसतं.) अपटुडेट १९९२ साली निघालं तेव्हा फ्लॉपीवर यायचं. दगडी भिंतींच्या जुन्या वॉर्डात उभं राहून स्क्रीनवरचं गोल गोल फिरणारं चक्र बघताना त्या फ्लॉपीचा हेवा वाटतो. तिला रेंज लागत नव्हती. म्हणून हॉस्टेलच्या वायफायवर असतानाच ऑफलाइन डेटा उतरवून घ्यायचा, आणि संस्थेच्या लॉगिनवर चालणारं ॲप असेल तर त्याची मुदत कधी संपते ते बघून ठेवायचं. ती नेहमी रात्रीच्या ड्युटीतच संपते.

पण रेंज, बॅटरी ही किरकोळ दुखणी झाली. खरी गोम वेगळीच आहे. ॲपचं गणित चुकत नाही. ते विचारतं त्या चौकटीत काय भरायचं, इथे घोडं पेंड खातं.

साधं उदाहरण घ्या. आजींना अँटिबायोटिक द्यायचंय आणि किडनीच्या कामावरून डोस ठरवायचाय. सूत्र सरळ आहे: १४० वजा वय, गुणिले वजन, भागिले क्रिएटिनिनची (किडनी गाळून टाकते त्या रक्तातल्या कचऱ्याची) ७२ पट, आणि बाई असेल तर आलेलं उत्तर गुणिले ०.८५. ॲप म्हणतं, वय टाका.

"आजी, वय किती?"

"आता काय ठावं लेकरा. बहात्तरच्या दुष्काळात पयलं पोर कडंवर व्हतं."

आधार कार्ड मागावं, तर त्यावर एक जून. शाळेच्या मास्तरांनी अख्ख्या पिढीला एक जूनला जन्माला घातलंय, आणि आजींनी तर शाळेचं तोंडही पाहिलेलं नाही. मग दुष्काळावरून हिशेब: पहिलं पोर अठराव्या वर्षी धरलं तर आजी आज सत्तरीच्या घरात. नातू म्हणतो ऐंशी. सून म्हणते, छे, साठ; आणि ती असं का म्हणते हा वेगळा विषय आहे.

आता वजन. आजींना उभं राहवत नाही. खाटेसकट वजन करणारा काटा कॅटलॉगात असतो. यावर वॉर्डातला जुना तोडगा असा: नातवाने आजींना उचलून काट्यावर उभं राहायचं, आकडा लिहायचा, मग नातू एकटा उभा राहतो, दुसरा आकडा पहिल्यातून वजा. त्याआधी रिकाम्या काट्याची सुई शून्यावर आहे ना, हे बघायचं. सहसा ती दोनवर असते. बघितलं नाही तरी या वजाबाकीत ते दोन किलो आपोआप गळून जातात. नातवाच्या बाबतीत मात्र राहतात, आणि तो आपलं वजन सगळ्या वॉर्डासमोर ऐकून नाराज होतो. नातू नसेल तर अंदाजपंचे. नातेवाइकांना विचारण्यात अर्थ नाही, ते "वाळून काडी झालीय" यापलीकडे जात नाहीत, आणि काडीला एकक नाही.

समजा क्रिएटिनिन १.२ आहे. वय ७० आणि वजन ४५ धरलं तर किडनीचा रक्त साफ करण्याचा वेग येतो मिनिटाला ३१ मिली. सुनेचं वय आणि ५५ किलो धरा, ४३.३. नातवाचं वय आणि ४० किलो धरा, २३.६. बऱ्याच औषधांचा डोस ३० च्या खाली बदलतो. म्हणजे डोस ठरवणार दुष्काळ, नातू आणि सून. ॲप मात्र दशांशचिन्हाच्या पुढचा आकडासुद्धा ठामपणे छापतं. त्या दशांशावर माझा विशेष राग आहे. आजींचं वय दहा वर्षांनी इकडेतिकडे, आणि हा म्हणतो पॉइंट तीन.

दुसरा खड्डा एककांचा. हा दिसत नाही, म्हणून जास्त वाईट. न्यूमोनियाचे आजोबा, वय ६६. दाखल करायचे की घरी पाठवायचे, यासाठी कर्ब-६५ नावाचा स्कोअर काढतात: गोंधळलेपणा, युरिया, श्वासाचा वेग, बीपी आणि वय, प्रत्येकी एक गुण. अमेरिकन ॲप युरिया विचारतच नाही. ते विचारतं बीयूएन, म्हणजे युरियातला फक्त नायट्रोजन, आणि तो १९ च्या वर असेल तर एक गुण देतं. आपली लॅब लिहिते ब्लड युरिया, ४०. इंटर्न बीयूएनच्या चौकटीत ४० टाकतो. झाला घोटाळा. युरियाच्या ६० भागांत नायट्रोजन २८, म्हणून ४० ला आधी २.१४ ने भागायचं, येतात १८.७, म्हणजे गुण शून्य. आजोबांचा खरा स्कोअर एक, वयाचा. चुकीचा स्कोअर दोन, आणि दोन आले की दाखल करण्याचा विचार करा, असं ॲप सांगतं. विचार होतो. खाट नसतेच, म्हणून आजोबा दोन खाटांच्या मधल्या गादीवर, गोळ्या घेऊन घरी झोपायच्या ऐवजी.

नावांचं तर विचारूच नका. आपलं पॅरासिटामॉल तिकडे ॲसिटामिनोफेन, साल्ब्युटामॉल म्हणजे अल्ब्युटेरॉल, ॲड्रेनॅलिन म्हणजे एपिनेफ्रिन, पेथिडिन म्हणजे मेपेरिडिन. रिफाम्पिसिनचं "सि" खाऊन रिफाम्पिन. घाईत "अल्ब्युटेरॉल आहे का?" असं सिस्टरना विचारलं, तर त्या आधी चष्म्यावरून बघतात आणि मग नेब्युलायझरकडे बोट दाखवतात.

सिस्टरांचा विषय निघालाच आहे तर इन्सुलिन. ॲप म्हणतं, वीस युनिट. बरोबर. पण आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन जातींच्या: एका मिलीत ४० युनिटवाली आणि एका मिलीत १०० युनिटवाली. सिरिंजही दोन: लाल टोपणाची ४० साठी, नारिंगी टोपणाची १०० साठी. ४० ची बाटली आणि नारिंगी टोपण अशी जोडी जमली, तर वीसच्या रेघेपर्यंत भरलं तरी आत ०.२ मिली, म्हणजे फक्त ८ युनिट जातात आणि साखर जागची हलत नाही. उलटी जोडी जमली तर ०.५ मिली, म्हणजे ५० युनिट, आणि साखर जी खाली बसते ती रात्रभर सगळ्यांना उभं ठेवते. म्हणून सिस्टर ॲपकडे बघतसुद्धा नाहीत. त्या म्हणतात, "डॉक्टर, आधी टोपण दाखवा."

पोटॅशियमचंही तसंच. ॲपात ४० मिलिइक्विव्हॅलंट, हे त्याचं एकक. ट्रेमध्ये १५ टक्क्यांचे दहा मिलीचे ॲम्प्युल, म्हणजे औषधाच्या बंद कुप्या. एकात २०, म्हणजे दोन ॲम्प्युल, तेही सलाईनमध्ये मिसळून सावकाश. थेट शिरेत कधीच नाही. फवारणी करताना विषबाधा झालेला माणूस आला की ॲट्रोपीन: ॲप सांगतं ३ मिलिग्रॅम, आणि परिणाम दिसेपर्यंत दर पाच मिनिटांनी दुप्पट. आपलं ॲम्प्युल ०.६ चं. म्हणजे आधी पाच, मग दहा, मग वीस. हातमोजे घातलेल्या अंगठ्याला फोन ओळखत नाही, ॲम्प्युलची काच मात्र ओळखते. अशा वेळी ॲपपेक्षा फवाऱ्याच्या औषधाची बाटली कामाची. नातेवाईक ती पिशवीत घालून आणतात. लेबलावर शंकरपाळ्याच्या आकाराचं चिन्ह असतं, त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग बघायचा: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. औषधाचं नेमकं नावही तिथेच बारीक अक्षरात असतं.

बालरोग विभागात ॲप फार गोड वागतं. वजन टाका, डोस घ्या. दहा किलोचं बाळ, पॅरासिटामॉल किलोला १५ मिलिग्रॅम, उत्तर १५०. चुटकीसरशी. आई विचारते, "म्हणजे किती चमचे?" पाच मिलीला १२५ मिलिग्रॅमवाली बाटली असेल तर ६ मिली. २५० ची असेल तर ३. थेंबांची छोटी बाटली असेल, जिच्यात एका मिलीला १०० असतात, तर दीडच. "घरी कुठली आहे?" "गुलाबी." सगळी गुलाबी असतात हो. चमच्याचं म्हणाल तर घरातल्या डब्यातला चमचा हे प्रमाण नव्हे; पोह्याचा वेगळा, चहाचा वेगळा. शेवटी सुई काढून टाकलेली पाच मिलीची सिरिंज आईच्या हातात द्यायची, तीनच्या रेघेवर पेनाने खूण करायची, आणि बाटली बदलली तर ही खूण चालणार नाही, हे तीनदा सांगायचं. आई मान डोलावते. आजी मागून म्हणते, "आमच्या वेळी अर्धं झाकण द्यायचो."

प्रसूतीगृहात तर ॲपाने हात टेकायला हवेत, पण त्याला हात नाहीत. शेवटच्या पाळीची तारीख टाकली की बाळंतपणाची तारीख येते: सात दिवस मिळवा, तीन महिने वजा करा, वर्ष पुढचं. "पाळी कधीची?" असं विचारलं, की बरेचदा उत्तर मिळतं ते पाळी चुकली त्या तारखेचं, आलेल्या पाळीचं नव्हे. एक महिना तिथेच गेला. नीट विचारलं, "शेवटची आली कधी?" की उत्तर, "संक्रांतीच्या आसपास." ही पेशंट फार सोयीची. १४ जानेवारी, म्हणजे २१ ऑक्टोबर. पण "पोळ्याच्या आधी" म्हणाली, तर सिस्टरांच्या खोलीत खिळ्याला टांगलेल्या कालनिर्णयाकडे धावायचं, कारण पोळा ऑगस्टच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत कुठेही येतो. त्यातही "आधी" म्हणजे किती आधी, ते बैलालाच माहीत. तारीख हाती लागली तरी संकट टळलेलं नसतं. ॲप अमेरिकन असेल तर आधी महिना, मग दिवस. तीन एप्रिल म्हणून ३/४ टाकलं की ते चार मार्च समजतं आणि बाळ महिनाभर आधी देऊन मोकळं होतं. १२ तारखेनंतरची पाळी असेल तर ॲप निदान भांडतं तरी, तेरावा महिना नसतो म्हणून. बारापर्यंतच्या तारखांना ते गप्प बसतं. माझं म्हणणं, महिना अक्षरात निवडता येतो तेच ॲप ठेवावं, बाकीची काढून टाकावीत.

गोळ्या ओळखणारं ॲप असतं, तेही काढून टाकावं. त्यात गोळीवर कोरलेली अक्षरं टाकायची असतात. तिकडे ती कोरणं सक्तीचं आहे; आपल्या बहुतेक गोळ्या पाटीसारख्या कोऱ्या. पेशंट रुमालाची गाठ सोडतो: एक प्रेशरची, एक साखरेची, एक ताकदीची, पाच "त्या दुसऱ्या डॉक्टरांच्या". पट्टी मेडिकलवाल्याने अशी कापलेली, की नाव त्याच्याकडे राहिलं आणि पेशंटकडे आली फक्त किंमत. आठही औषधांची नावं कशीबशी शोधून काढून आंतरक्रिया तपासायला टाकली, तर आठांच्या २८ जोड्या होतात, आणि ॲप त्यातल्या बऱ्याच जोड्यांपुढे लाल-पिवळी निशाणं लावतं. कुठलं निशाण खरं घाबरण्यासारखं, ते कळायला अजून तीन वर्षं लागतात म्हणे.

विंचवाचं सांगायलाच हवं. अमेरिकन ॲपात शोधलं तर ॲरिझोनातल्या विंचवाची सविस्तर माहिती मिळते. कोकणातला लाल विंचू थेट हृदय आणि फुप्फुसांवर येतो, आणि त्यावर प्राझोसिन हे बीपीचं स्वस्त औषध चालतं, हे महाडला बसून डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवलं आणि लॅन्सेटमध्ये छापून आणलं. सापाचंही तेच, तिकडे खुळखुळ्या साप, इकडे नाग, मण्यार, घोणस, फुरसं. घोणस-फुरशाच्या शंकेला आपली तपासणी रक्ताची: कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिली रक्त, वीस मिनिटं न हलवता ठेवायचं, मग तिरकं करून बघायचं. गोठलं नाही तर विषाचा परिणाम आहे. नळी काचेचीच हवी, प्लास्टिकची चालत नाही. साबणाने धुतलेलीही नको, रक्त चांगलं असूनही गोठत नाही. इथे फोनचा खरा उपयोग होतो. टायमर लावायचा. बाराव्या मिनिटाला वॉर्डबॉय मामा कुतूहलाने नळी उचलून बघतात, "गोठलं काय डॉक्टर?", आणि टायमर पुन्हा पहिल्यापासून.

तर या सगळ्यावर वॉर्डाने शोधलेला उपाय फोनच्या पाठीवर असतो. मायक्रोपोरची, म्हणजे ड्रेसिंगच्या कागदी चिकटपट्टीची, वीतभर पट्टी कापायची, कव्हरवर चिकटवायची आणि बॉलपेनने लिहायचं: युरिया भागिले २.१४. पोटॅशियम एकात २०. ॲट्रोपीन एकात ०.६. लाल टोपण ४०. त्याखाली रक्तपेढीचा अंतर्गत नंबर आणि एक्स-रेच्या मामांचा मोबाईल. बॅटरी शून्य असली तरी चालतं. फक्त सॅनिटायझर लागला की शाई पसरते आणि २.१४ चं २.११ दिसायला लागतं, म्हणून दर पोस्टिंगला नवी पट्टी. जुनी काढताना कव्हराचा रंगही थोडा निघून येतो, आणि मायक्रोपोर सांभाळून वापरा, असं सिस्टर म्हणतात ते निराळंच.