ऑस्ट्रेलियाचं कुंपण "एकदाच ठोकलं"? कोणी सांगितलं?

शेतकऱ्यांच्या ग्रुपवर परत तोच मेसेज फिरतोय. "ऑस्ट्रेलियाने ५६०० किमी जाळी एकदाच ठोकली, रानटी कुत्री कायमची बंद, शेतकरी निवांत. आपलं सरकार डुकरं-रोह्यांसाठी एवढं करू शकत नाही?" लांबीचा आकडा बरोबर आहे, बाकी जरा बघूया.

"एकदाच ठोकली". अहो, ही लाईन १८८० च्या दशकापासून तुकड्या-तुकड्यांनी घातलेली कुंपणं जोडून झालीये, त्यातली काही तर सशांसाठी होती. आणि ठोकून कोणी घरी नाही गेलं. पुरात जाळी वाहून जाते, कांगारू, इमू, उंट धडकून फाडतात, आणि स्ट्रझेलेकीच्या वाळवंटात तर वाऱ्याने वाळू जाळीला लागून चढत-चढत पार वरपर्यंत येते, मग डिंगो (हीच ती रानटी कुत्री) उडी न मारता चालतच पलीकडे. मग मशीन लावून वाळू ओढा, नाहीतर गाडल्या गेलेल्या जाळीच्या डोक्यावर नवी जाळी उभी करा. म्हणून तार-जाळी गाडीत टाकून माणसं कायम लाईनवर फिरत असतात. तरी साऊथ ऑस्ट्रेलियातला सुमारे १६०० किमीचा भाग इतका जुनाट झाला की नव्याने बांधायला घ्यावा लागला.

"कायमची बंद" पण नाही. आतल्या, म्हणजे मेंढ्यांच्या बाजूलाही डिंगो निघतात, विष आणि सापळे चालूच आहेत. मेंढ्या वाचतात हे खरं, ते मी नाकारत नाही, पण डिंगो कमी झाले तिथे कांगारू वाढले आणि मेंढ्यांच्याच गवतावर ताव मारायला लागले.

सशांचं तर विचारूच नका. वेस्टर्न ऑस्ट्रेलियात १९०१ ते १९०७ खपून १८३३ किमी कुंपण घातलं आणि १९०२ मध्येच ससे त्याच्या पश्चिमेला, म्हणजे जी बाजू वाचवायची होती तिकडेच, सापडले होते! ससे खरे कमी झाले ते १९५० मध्ये सोडलेल्या, सशांना जीवघेणा रोग देणाऱ्या मिक्सोमा व्हायरसने.

राहिलं "सरकार". साऊथ ऑस्ट्रेलियात कुंपणासाठी जमीनवाल्यांकडूनही पट्टी घेतात. आपल्याकडे झटका मशीनच्या तारेला खालून गवत टेकलं की करंट उतरतो, ते गवत कापायला कोणी जात नाही आणि सकाळी डुकरांनी मका लोळवलेला असतो. पाच गावांच्या कंपाऊंडसाठी दरवर्षी वर्गणी काढायची म्हटली तर हाच मेसेज टाकणारे किती जण हात वर करतील, विचारून बघा ग्रुपवर.