पेबल बीच नुसतं देखणं आहे का? एका प्रतिक्रियेला उत्तर

कॅलिफोर्नियातल्या पेबल बीच गोल्फ कोर्सबद्दलच्या माझ्या पोस्टवरची तुमची कमेंट दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की पेबल बीचचं कौतुक म्हणजे समुद्राचंच कौतुक, कोर्स 7,100 यार्डसुद्धा भरत नाही, सातवं होल तर वेज (जवळच्या, उंच शॉटचा क्लब) मारून मोकळं व्हायचं, टायगर वुड्सने 2000 च्या यूएस ओपनमध्ये 12 अंडर (पार म्हणजे ठरलेल्या शॉटपेक्षा 12 कमी) खेळून कोर्सची पार लाज काढली, आणि मला खेळता आलं नाही म्हणून मी वाऱ्याच्या नावाने खडे फोडतोय. शेवटचं थोडंफार खरं आहे, ते आधीच कबूल करून टाकतो. फोटो जास्त आणि खेळाबद्दल कमी लिहिलं हेही मान्य. मोबाइल खिशात राहतच नाही हो तिथे.

पण टायगरचं उदाहरण तुमच्यावरच उलटतं. तो 15 शॉटनी जिंकला आणि दुसऱ्या नंबरवाले होते 3 ओव्हर! म्हणजे खेळणाऱ्या सगळ्यांमध्ये पारच्या खाली एकटा तोच. लाज कोर्सची गेली की बाकीच्यांची?

त्यापेक्षा इथलीच 1992 ची यूएस ओपन बघा ना. गिल मॉर्गन तिसऱ्या दिवशी सात होल झाल्यावर 12 अंडर होता, म्हणजे ट्रॉफीवर नाव कोरायचंच काय ते बाकी, आणि मग आठव्यापासून जी घसरण लागली ती थांबलीच नाही, शेवटच्या दिवशी तर वारा असा सुटला की त्याचे 81 शॉट झाले आणि सगळ्यांची मिळून सरासरीच 77 च्या वर गेली. हे जगातले टॉपचे प्लेअर्स, आपल्यासारखे रविवारचे नव्हेत.

आता यार्डांचं. यार्ड सपाट जमिनीवर मोजून उपयोग काय? आठवं होल घ्या. ड्राइव्ह (पहिला लांब शॉट) चढावर, पुढे काय आहे ते दिसत नाही, आणि जोरात मारला तर बॉल कड्यावरून खाली, म्हणजे ज्याचा ड्राइव्ह लांब जातो त्यालाच तिथे हात आखडावा लागतो. मग दुसरा शॉट खोल कपारीवरून थेट पलीकडे, खालच्या बाजूला असलेल्या इवल्याशा ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर). जॅक निकलॉसचा हा सगळ्यात आवडता सेकंड शॉट. आवडता म्हणाला तो, सोपा नाही!

नववं-दहावं तर मला जास्त छळून गेलं, आणि त्याबद्दल पोस्टमध्ये लिहायचंच राहिलं. समुद्र उजवीकडे आणि फेअरवेचा (टीपासून ग्रीनपर्यंतच्या कापलेल्या पट्ट्याचा) उतारही तिकडेच, त्यामुळे आपण उजव्या हाताने खेळणारे उभे राहिलो की बॉल पायांच्या खालच्या पातळीवर. बॉल अशा उतारावर पडलेला असला की मारल्यावर उजवीकडे पळतो. म्हणजे जिकडे मारायचा नाही नेमका तिकडेच जमीन ढकलत असते, म्हणून डावीकडे निशाणा धरायचा, गुडघे जास्त वाकवायचे आणि पूर्ण ताकदीने मारायचा मोह आवरायचा. रेंजवर सपाट मॅटवर कितीही घोटा, हे तिथे शिकायला मिळत नाही.

एक चूक मात्र तुम्ही बरोबर पकडलीत. "प्रत्येक पट समुद्राकडेच वळतो" (पट म्हणजे ग्रीनवरचा घरंगळता शॉट) असं मी ठोकून दिलं होतं, ते चुकलंच. कल असतो, पण ग्रीनचा स्वतःचा चढउतार आधी बघायला हवा. त्यात ते पोआ अ‍ॅन्युआ गवत दिवसभर कमीजास्त वाढतं, त्यामुळे सकाळी गुळगुळीत वाटलेलं ग्रीन दुपारी बॉलला टुणटुण उड्या मारायला लावतं. आमची टी टाइम (खेळ सुरू करायची वेळ) दुपारची होती. बहाणा म्हणा हवं तर.

राहिलं सातवं. टी (सुरुवातीची जागा) उंचावर, ग्रीन खाली समुद्राच्या तोंडाशी, भोवती बंकर्स (वाळूचे खड्डे), अंतर 110 यार्डांच्या आत. वारा पडलेला असेल तर तुमचं अगदी बरोबर, वेज मारा आणि पट करा. पण समोरून वारा असला की उंच मारलेला बॉल हवेत टांगल्यासारखा थांबतो. त्याच 1992 च्या शेवटच्या दिवशी टॉम काइटने तिथे वेजपेक्षा लांब जाणारं सहा नंबरचं आयर्न काढलं, तरी ग्रीन चुकलंच, आणि मग रफमधून (वाढलेल्या गवतातून) छोटा चिप शॉट थेट होलमध्ये घालून बर्डी, म्हणजे पारपेक्षा एक कमी, केली. शेवटी ओपनही त्यानेच जिंकली.

"तू काय मारलंस ते सांग" असं विचारलंत ना? सात नंबरचं आयर्न. बॉल पुढच्या बंकरमध्ये गेला, आणि बाहेर यायला दोन शॉट लागले.