विणणाऱ्या बायकांनी पैसे का द्यायचे? एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुमची प्रतिक्रिया मी ग्रुपमध्ये सगळ्यांना वाचून दाखवली आणि त्यावर आमच्यात चांगलीच चर्चा झाली, खाली दोन ओळीत "धन्यवाद" लिहून सोडून देण्यासारखी ती नव्हतीच, म्हणून हे लांबलचक उत्तर लिहून राहिले आहे.

ज्यांनी आधीचं वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आमचा नागपूरचा विणकामाचा ग्रुप आहे, सुयांवाल्याही आहेत आणि क्रोशावाल्याही. दर दिवाळीत आम्ही एकमेकींना गिफ्ट द्यायचो, ड्रायफ्रूटचा डबा, नाहीतर ट्रे, नाहीतर पणत्यांचा सेट. यावेळी ते बंद केलं आणि तेच पैसे गडचिरोलीत आरोग्याचं काम करणाऱ्या सर्च संस्थेला दिले. त्यावर या ताईंनी लिहिलं की विणणाऱ्या बायका आहात तर विणून द्या, पैसे तर कोणीही देतं. ही एकप्रकारे भिशीच झाली, आणि जिला जमत नाही तिला लाजेकाजेस्तव द्यावं लागतं. आणि मेडिकलसमोर (म्हणजे नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यासमोर) थंडीत फुटपाथवर माणसं झोपतात ती सोडून पावणेदोनशे किलोमीटरवर कशाला जायचं. शेवटी, पैसे कोणाच्या खात्यात गेले?

सुरुवात विणण्यापासूनच करते, कारण तुम्ही स्वतः विणता असं तुम्ही लिहिलंय आणि तिथेच मला सगळ्यात जास्त बोलायचंय.

आम्ही विणून देतोच ताई, आणि ते फक्त दिवाळीपुरतं नाही. इथल्याच एका सरकारी दवाखान्याच्या नवजात बाळांच्या वॉर्डात आमच्या टोप्या आणि पायमोजे वर्षभर जातात. कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळाला आईच्या छातीशी उघडं ठेवतात ना, ज्याला कांगारू केअर म्हणतात, त्यात बाळाच्या अंगावर लंगोट, टोपी आणि मोजे एवढंच असतं. डोकं शरीराच्या मानाने मोठं, ऊब तिथून भराभर जाते. ती टोपी वीस-पंचवीस ग्रॅम लोकरीत होते, मालिका बघता बघता एका संध्याकाळी हातातून उतरते. पण त्याचेही नियम आहेत. गोंडे नको, बटण नको, रिबीन नको, गरम पाण्यात धुता येईल असाच धागा हवा, आणि हातमोजे-पायमोज्यांना आतून सुटे धागे, लांब फासे अजिबात नको, कारण बाळाचं इवलंसं बोट त्यात अडकून रक्त थांबू शकतं. नवीन बायकांना आम्ही पहिले हे शिकवतो, डिझाइन नंतर. दिसायला सुंदर जाळीदार मोजे आम्ही परत उसवायला लावलेत, तेव्हा वाईट वाटतं बिचारीला, पण इलाज नाही.

म्हणजे लोकरीची किंमत आम्हाला माहीत आहे. आणि म्हणूनच लोकर कुठे संपते हेही माहीत आहे.

सर्चचं काम बघा. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग, दोघंही आपल्या नागपूरच्या मेडिकलमध्ये शिकलेले, अमेरिकेला जाऊन सार्वजनिक आरोग्य शिकून आले आणि १९८६ मध्ये गडचिरोलीत संस्था सुरू केली. गडचिरोली जिल्हा होऊन तेव्हा चारच वर्षं झाली होती. नव्वदच्या दशकात त्यांनी ३९ गावांमध्ये गावातल्याच थोड्याफार शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळंतपणाला हजर राहायचं, बाळाचं वजन करायचं, ताप की गारठा ते थर्मामीटरने बघायचं, श्वास घेत नसेल तर काय करायचं, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखून घरच्या घरी औषध आणि इंजेक्शन कसं द्यायचं, हे सगळं. त्या गावांमधलं नवजात बाळांच्या मृत्यूचं प्रमाण ६२ टक्क्यांनी खाली आलं, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात १९९९ ला ते छापून आलं, आणि २०११ पासून तीच पद्धत देशभर आशा ताईंच्या हातात गेली. आज तुमच्या-माझ्या ओळखीतल्या कोणत्याही गावात आशा ताई बाळंतिणीकडे तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी, चौदाव्या दिवशी, असं बेचाळीस दिवसांपर्यंत येऊन बाळ बघून जाते, त्याची मुळं त्या ३९ गावांमध्ये आहेत.

आता आशा ताईच्या पिशवीत काय असतं? वजनकाटा, थर्मामीटर, घड्याळ, बाळाला गुंडाळायची उबदार पिशवी किंवा ब्लँकेट, दूध पाजायचा चमचा, नाकातोंडातला चिकटा काढायची नळी. या सगळ्यात आपल्याला विणता येण्यासारखी वस्तू एकच, ते ब्लँकेट. आणि नुसती पिशवी पोचवूनही भागत नाही, ती वापरणारी बाई लागते, तिला शिकवणारं कोणीतरी लागतं, तिचं काम तपासणारं लागतं, तिला मेहनताना लागतो, तपासणाऱ्याच्या गाडीत पेट्रोल लागतं. टोपी घातलेल्या बाळाला जंतुसंसर्ग झाला तर टोपीला ते कळणार नाही, ते त्या बाईलाच कळतं. हा खर्च दिसत नाही, त्याचा फोटो निघत नाही, म्हणून त्यासाठी कोणी दिवाळीत डबा घेऊन येत नाही. फराळ, कपडे, ब्लँकेटं घेऊन जाणारे दिवाळीत खूप असतात. पण मे महिन्याचा पगार, जुलैतलं औषध, याला पैसेच लागतात, आणि ते कुठे वापरायचे हे संस्थेने ठरवलेलं बरं, आपण नाही. म्हणून आम्ही "अमुकसाठीच वापरा" अशी अटही घातली नाही. ग्रुपमध्ये यावर बरंच वाजलं, काहींचं म्हणणं होतं निदान बाळांसाठी म्हणून तरी सांगू, पण तिथे बाळांशिवाय दवाखाना आहे, बाहेरचे सर्जन येऊन शिबिरात ऑपरेशनं करतात, दारू-तंबाखूच्या विरोधात जिल्हाभर मुक्तिपथचं काम आहे, कोणत्या महिन्यात कशाला कमी पडतंय हे आपल्याला इथे बर्डीवर बसून काय कळणार आहे जी?

तर "पैसे कोणीही देतं" हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. पैसे कोणीही देऊ शकतं हे खरं, पण दिवाळीत देतं कोण?

ही संस्था का निवडली, तेही सांगते. आमच्यात सगळ्या बायकाच. राणी बंगांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली होती, १९८९ ला तेही लॅन्सेटमध्ये आलं. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता, आणि त्याआधी तपासणी झालेल्या बायका फक्त ८ टक्के. पांढरं जाणं, पोटात दुखणं, पाळीचा त्रास, हे सगळं बायकांनी आयुष्यभर बोलायचं नाही असंच धरलेलं, आणि तोवर जगभर बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढंच मोजायचे. ग्रुपमध्ये हे वाचलं तेव्हा किती जणी बोलायला लागल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण नागपुरात राहून, दवाखाना रिक्षाच्या अंतरावर असून आपणही कितीदा गप्प बसलो हे प्रत्येकीला आठवलं. त्या दिवशी दुसऱ्या कोणत्या संस्थेचं नाव पुढे आलंच नाही.

आता भिशीचं. भिशीत पैसा फिरून आपल्याच घरी परत येतो, हा परत येत नाही, म्हणून ती तुलना मला मान्य नाही. पण तुमचा खरा मुद्दा लाजेकाजेचा आहे आणि तो खरोखर मोठा आहे. आमच्यात शाळेत डबे करून देणारी आहे, डॉक्टरची बायको आहे, पेन्शनवर एकटी राहणारी आहे. म्हणून आकडा ठरवलाच नाही. प्रत्येकीने आपल्या खात्यातून थेट संस्थेच्या खात्यात पाठवायचे आणि किती पाठवले ते फक्त आमच्यातल्या एका काकूंना सांगायचं, त्या बँकेतून रिटायर झाल्यात आणि त्यांच्या पोटात गोष्ट राहते. त्यांनी शेवटी एकूण बेरीज सांगितली, बस. कोणी १०१ दिले, कोणी पाच हजार, कोणी दिलेच नाही, हे मलाही माहीत नाही आणि विचारणारही नाही.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आलं. आमच्या कोणाच्याही खात्यात एक रुपयाही आला नाही. एकीने सगळे गोळा करून भरले असते तर सोपं गेलं असतं, पण मग पावती तिच्या एकटीच्या नावावर, बाकीच्यांचं नाव कुठेच नाही. आणि जुन्या पद्धतीने आयकराचं रिटर्न भरणारीला देणगीच्या ८०जी कलमात निम्म्या रकमेची सूट मिळते तीही गेली असती. (नव्या पद्धतीत ती सूट नाहीच, आणि रोख २००० च्या वर दिले तर जुन्यातही नाही, हे दिवाळीत कोणत्याही संस्थेला देताना लक्षात असू द्या.) वर्गणी गोळा करायची म्हटली की गणपती मंडळालासुद्धा धर्मादाय आयुक्तांची परवानगी घ्यावी लागते, आपण तर साधा ग्रुप, दुसऱ्यांचे पैसे आपल्या खात्यात ठेवायचेच कशाला? एका मेंबरच्या मुलीला अमेरिकेतून पाठवायचे होते, पण तिने तिकडचं नागरिकत्व घेतलंय त्यामुळे तिचा पैसा परदेशी धरला जातो, त्याला संस्थेची एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी आणि दिल्लीच्या स्टेट बँकेतलं वेगळं खातं लागतं, म्हणून आईच्या खात्यातून फिरवू नको, संस्थेशी थेट बोल असं तिला सांगितलं.

पावतीवरून एक सांगायचं राहिलं, आणि मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आमच्यातल्या कितीतरी बायकांनी आयुष्यभर दान केलंय, पण पावती नेहमी नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्यांच्या नावाची. देवळात तसंच, शाळेच्या देणगीत तसंच, मंडळाच्या वर्गणीत तर आडनावच लिहितात. यावेळी घरखर्चातून वाचवलेले, साड्यांना फॉल-बिडिंग करून मिळालेले पैसे होते आणि पावतीवर त्यांचं स्वतःचं नाव होतं. त्यासाठी पॅनकार्ड शोधावं लागलं, एकीला मुलाकडून यूपीआय शिकून घ्यावं लागलं, दुसरीचं खातं कित्येक दिवसांत वापरलंच नव्हतं तर केवायसीसाठी बँकेत चकरा झाल्या. तुम्ही विचाराल की एवढा खटाटोप कशाला, काकूंकडे रोख दिले असते. नाही ताई, हा खटाटोप व्हायलाच हवा होता.

राहिला मेडिकलसमोरचा फुटपाथ. तिथे थंडीत हाल होतात हे मी नाकारत नाही, डिसेंबर २०१८ मध्ये आपल्या नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता, विसरलो नाही आपण. तुम्ही तिथे ब्लँकेटं वाटता, वाटतच राहा, मी त्याला नावं ठेवणार नाही आणि आमच्यातल्याही काही जणी त्यात येतील. पण तिथे झोपलेली माणसं कोण आहेत ते एकदा त्यांच्याजवळ बसून विचारा. गडचिरोलीची, चंद्रपूरची, गोंदियाची, बालाघाटची, छिंदवाड्याची, पेशंट आत वॉर्डात आणि नातेवाईक बाहेर. गावाजवळ वेळेवर इलाज झाला असता तर त्यातले कितीतरी इथवर आलेच नसते. पावणेदोनशे किलोमीटरवरचं काम आणि मेडिकलसमोरचा फुटपाथ वेगळे नाहीत, एकाच रस्त्याची दोन टोकं आहेत. ब्लँकेट इकडच्या टोकाला लागतं, पैसे तिकडच्या. दोन्ही करू या, पण एक करणाऱ्याने दुसऱ्याला "तुम्ही चुकीच्या जागी दिलं" असं म्हणू नये, एवढीच माझी विनंती आहे.

तुम्ही असंही लिहिलंय की पुढच्या वर्षी आम्ही पैशाऐवजी शंभर स्वेटर विणले तर तुम्ही स्वतः येऊन मदत कराल. स्वेटर आम्ही नाही करणार. मोठ्या माणसाच्या एका स्वेटरला लागणाऱ्या लोकरीत आणि वेळेत बाळांच्या ढीगभर टोप्या होतात, आणि मोठ्यांसाठी थंडीत तिबेटी लोकांच्या दुकानात चांगले तयार स्वेटर मिळतात, तिथून घेतलेले द्यायला काहीच हरकत नाही. पण तुमचा हात चांगला आहे हे तुमच्या फोटोतल्या शालीवरून दिसतंय, तर टोप्यांसाठी या. पैसे द्यायचेच असं काही नाही, दिवाळीत द्यायचेच असंही नाही. धागा आमच्याकडून मिळेल, नमुना मी पाठवते, पहिल्या दोन-तीन टोप्या दाखवून घ्या म्हणजे आतले टाके बघता येतील, आणि दवाखान्यात नेऊन द्यायच्या आधी त्या कोमट पाण्यात धुऊन, उन्हात वाळवून, वेगवेगळ्या साइजच्या वेगळ्या पिशव्या करायच्या असतात, त्या कामाला आमच्याकडे हात नेहमीच कमी पडतात.