माझी कथा कुठल्या देशाची?

आठवडा झाला, शाळेच्या ग्रुपवर एकच वाद. एका मैत्रिणीची कविता कुणीतरी तिचं नाव काढून फिरवली. ती चिडली, तर तिलाच उलट प्रश्न: "नोंदणी केली होतीस का? पुस्तकात तरी आली होती? मग हक्क कसला?" जन्मभर दिवाळी अंक वाचलेली ही माणसं!

आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा कुणी उघडूनही बघत नाही. लिहिलं त्याच क्षणी हक्क लेखकाचा. नोंदणी ऐच्छिक, फी ५०० रुपये, आणि उपयोग पुराव्यापुरता. नोंदणीवाचूनही दावा लावता येतो, हे मुंबई उच्च न्यायालयानं २०२१ मध्ये स्पष्ट केलं. आणि कलम ५७ प्रमाणे कवितेचे हक्क विकले तरी 'ही माझी' म्हणण्याचा अधिकार कवीकडेच राहतो.

अडथळे आहेत ते इथे, मी राहते त्या अमेरिकेत. कायद्यानं 'अमेरिकन' ठरणाऱ्या लेखनासाठी दावा लावायचा तर आधी नोंदणी हवी. नुसता अर्ज पुरत नाही, असं इथल्या सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये सांगितलं. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात दोनशे लोकांपुढे कथा वाचली तरी ते प्रकाशन ठरत नाही. तरीही माझा मुलगा तिसरीपासून पोस्टरखाली चित्र कुणाचं ते लिहितो. हे मी ग्रुपवर लिहिलं. उत्तर आलं, "तू तिकडे बसून आम्हाला शिकवू नकोस."

ते लागलं. कारण 'तिकडे' म्हणजे कुठे, हे मलाही नीट सांगता येत नाही. सांगलीच्या वाड्यावरची माझी एक कथा न्यू जर्सीतल्या एडिसन गावी, घराच्या बेसमेंटमध्ये तीन वर्षं पडून आहे. अप्रकाशित आहे आणि मी इथे राहते, म्हणून इथल्या कायद्यानं ती अमेरिकन. आजीच्या तोंडची अख्खी भाषा तिच्यात आहे, तरी अमेरिकन! तीच आधी पुण्यात छापून आली, तर नाही.

परवा रात्री तिच्या नोंदणीचा ४५ डॉलरचा अर्ज भरायला बसले. नागरिकत्व: भारत. वास्तव्य: अमेरिका. दोन्ही लिहून झालं, पण पुढे हात चालेना. अर्ज बंद केला आणि कथा पुण्याच्या संपादकांना पाठवली. तिथे सकाळ झाली होती.